बोनेटवरची पाच बोटं

रविवार, १९ जानेवारी २०२५

घेतली. घेतली एकदाची! आणि आता झोप येत नाहीये. आनंदाने म्हणावं तर खोटं होईल. भीतीने.

१९८६ सालची जीप. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. हिरवी, ताडपत्रीचं हूड, दारंही ताडपत्रीचीच — म्हणजे कुलूप हा प्रकारच नाही. चारही चाकांनी ओढणारी. लोक असली गाडी हौसेला घेतात, रविवारी पुसतात, फोटो काढतात. मी रोज ड्यूटीवर न्यायला घेतली. आई म्हणते, "सगळं जग नवीन गाड्या घ्यायलंय आणि हिनं म्हातारी आणली. एक म्हातारी घरात होती ती कमी पडली व्हय गं?"

पण स्कूटीवरून किती वर्षं पडायचं? मागच्या पावसाळ्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात घसरले. लशींचा डबा एकीकडे, मी एकीकडे. तीन महिने हात गळ्यात. पशुधन पर्यवेक्षकाने मेंढ्या बसतात तिथे जायचं असतं, आणि मेंढ्या काही डांबरी रस्त्याच्या कडेला बसत नाहीत.

शिवाय, इथे खरं लिहायला काय हरकत आहे, पप्पा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. त्यांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरलंय. तेवढ्या वेळापुरती मी कशालाच भ्यायची नाही. बाकी सगळा जन्म भिण्यात गेला — कुत्री, लिफ्ट, साहेबांचं "जरा येऊन जा". ती मांडीवरची मुलगी परत मिळते का बघायचं होतं.

गाडी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर होती. मालक धुळाप्पा, पंच्याहत्तरीचा म्हातारा, लाल पटका. व्यवहार मात्र सगळा मुलगा बिरुदेवच बोलत होता. सात रस्त्याजवळच्या गॅरेजचा गुरुलिंग मेकॅनिक सोबत नेला होता. त्याने फिरवून आणली. "इंजिन घोडा हाय मॅडम. ब्रेक पण जागेवर लागतोय."

तरी मी भित्री ती भित्रीच. बिरुदेवला परत विचारलं, ब्रेक? "सगळं नवीन टाकलंय मॅडम, बघायचं काम न्हाय." म्हातारा बोनेटला टेकून उभा. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही सांगा. त्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने जमिनीकडे. मग म्हाताऱ्याने कमरेच्या पिशवीतून चिमूट भंडारा काढला, कपाळापर्यंत उचलला आणि म्हणाला, "बिरोबाची आण. मी हाय तवर ह्या गाडीत तुमच्या जिवाला धका लागायचा न्हाय."

गुरुलिंगने मला कोपराने ढोसलं. "झालं की! धनगराचा म्हातारा भंडारा उचलून खोटं बोलत न्हाय. आता वॉरंटी कार्ड मागताय का काय?"

सोलापूरला घरी येताना साठ किलोमीटरला अडीच तास लागले. उसाच्या ट्रॉल्यांनी मला ओव्हरटेक केलं!

सोमवार, २० जानेवारी

पहिला दिवस. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. रिव्हर्स टाकताना कॉलनीच्या गेटला घासली. वॉचमन धोंडीराम म्हणाला, "असू द्या मॅडम, गेट बी जुनंच हाय."

वस्तीपर्यंत जीप गेली मात्र! ज्वारीच्या रानातून, दगडातून, ओढ्यातून. लशींचा डबा जागचा हलला नाही. येताना मी मोठ्याने पप्पांचं वाक्य म्हणत होते — "ब्रेक गेला तर गिअर हाय, गिअर गेला तर दगड हाय. घाबरायचं ते गाडी थांबल्यावर." ते वाक्य त्यांना शोभायचं. मी गाडी सुरू व्हायच्या आधीपासून घाबरलेली असते.

बुधवार, २२ जानेवारी

चाळीसचा स्पीड!! आईला सांगितलं. ती म्हणाली, "कुठल्या उतारावर?"

जीप उभी असते तिथे खाली तेलाचा डाग पडलाय. गुरुलिंगला फोन केला. तो हसला. "मॅडम, जुनी जीप ठिबकायची थांबली की समजायचं तेलच संपलं."

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी बोनेटवर पिवळी पाच बोटं. हळदीचा हात टेकवावा तशी.

आईला विचारलं. "मी कशाला लावू? मला गुडघ्यांनी जिना उतरता येईना झालाय." कॉलनीतली पोरं असतील. पुसून टाकली. पुसताना वास आला, स्वयंपाकातल्या हळदीचा नव्हे. भंडाऱ्याचा.

रविवार, २६ जानेवारी

परत. तीच जागा, तशीच बोटं. धोंडीरामला विचारलं तर म्हणाला, "पाचला मी चहाला जातो, तेवढंच. बाकी डोळ्यात तेल घालून असतो." म्हणजे जो कोणी आहे त्याला धोंडीरामच्या चहाची वेळ माहीत आहे.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटात त्यांचे ग्रंथ, आणि मी हळदीला घाबरते! लाज वाटते. पण भीती लाजेला विचारून येत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आज आत.

बोनेटवर तर होतीच. पण गाडीत बसले, पाय ठेवला आणि खाली बघितलं — पेडलच्या बाजूला पत्र्यावर पिवळं. माझ्या पायांच्या जागी. म्हणजे तो आत शिरला, वाकला, माझे पाय असतात तिथे हात लावून गेला. ताडपत्रीच्या दाराला कुलूप कुठून आणू? दहा मिनिटं गाडीबाहेर उभी राहिले. घाम फुटला, जानेवारीत!

आईला सांगितलं नाही. ती तशी खंबीर आहे, पण करणी-बिरणी हा शब्द तिच्या तोंडून ऐकला असता तर मी कोलमडले असते.

वस्तीवर गेले तर तिथल्या एका मेंढपाळाने जीपला हात जोडले! मी विचारलं, काय हो? "धुळाप्पाची जीप की ही. ह्याच गाडीतनं देव जत्रंला जायचा, तीस वर्सं. विकली म्हना की." मग मला वरपासून खालपर्यंत बघून, "तुमचं गाव कुटलं? आडनाव?" मी सांगितलं. तो "बरं, बरं" म्हणाला आणि मेंढरांकडे वळला.

बरं, बरं म्हणजे काय? देवाची गाडी आमच्या दारात उभी राहते हे कुणाला तरी खुपलंय का? पप्पा असले जुने किस्से सांगायचे, तेव्हा मी म्हणायची, पप्पा, जग बदललं. आज येताना साठ किलोमीटर तेच किस्से आठवत आले. आरशात प्रत्येक मोटारसायकल माझ्याच मागे वाटत होती.

बुधवार, २९ जानेवारी

बिरुदेवला फोन. म्हटलं, तुमच्याकडचं कुणी येतं का हो माझ्या गाडीपाशी? आधी माझं नाव परत विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, गाडी दिली, कागद दिलं, आमचा संबंध सपला." वडिलांना फोन द्या म्हटलं. "म्हातारा हितं न्हाय." आणि ठेवला.

माणसाचं मन साफ असेल तर तो असा फोन ठेवतो का? म्हाताऱ्याने भंडारा उचलला तो मला संरक्षण म्हणून की ताकीद म्हणून? 'मी हाय तवर.' आणि नंतर?

गुरुवार, ३० जानेवारी

पुन्हा. बोनेटवर आणि पायाखाली.

धोंडीरामला थर्मास भरून चहा दिला. म्हटलं, उद्या पाचला जागचे हलू नका. पप्पांची काठी पण दिली. आणि म्हटलं — माझ्याच तोंडाने म्हटलं — दिसला तर सोडू नका.

शुक्रवार, ३१ जानेवारी

मिळाला! म्हणजे निसटला. पण होता! माणूसच होता!

सव्वापाचला खाली आरडाओरडा. गॅलरीत गेले तर धुकं आणि अंधार. धोंडीराम ओरडतोय, कुणीतरी भिंतीकडे पळतंय, काठीचा आवाज, मग भिंतीपलीकडे धप्प. आणि एक कण्हणं. ते कण्हणं अजून कानात आहे.

मी खाली गेले तोवर कुणी नव्हतं. धोंडीराम धापा टाकत, "एक बसली मॅडम पायावर! तोंडाला मफलर गुंडाळलेला, दिसला न्हाय. पर हे टाकून गेला." भिंतीशी एक चप्पल, आणि खोकल्याच्या औषधाची काचेची बाटली. आत मधाच्या रंगाचं काहीतरी तेलकट. धोंडीराम म्हणाला, "जाळायला आला हुता."

जाळायला!

वास घेतला. रॉकेल नाही, पेट्रोल नाही. पण तेलकट काहीही पेटतंच ना? पोलिसांत जावं तर काय सांगू, कुणीतरी हळद लावतंय म्हणून? बाटली टूलबॉक्समध्ये ठेवली, पुरावा म्हणून. आईला सगळं सांगावं लागलं. तिने आधी दाराची कडी लावून घेतली. मग म्हणाली, "विकून टाक." आणि मी, जन्माची भित्री, नाही म्हणाले. कसं कोण जाणे.

शनिवार, १ फेब्रुवारी

मागच्या गल्लीतल्या बंद पिठाच्या गिरणीचा गाळा भाड्याने घेतला. लोखंडी शटर, दोन कुलपं, दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात. धोंडीरामला सांगून ठेवलंय, कुणीही विचारलं तर मॅडम राहत नाहीत आणि जीप विकली म्हणून सांगायचं.

या आता हळद घेऊन!

रविवार, २ फेब्रुवारी

पिवळं काही नाही. किती दिवसांनी झोप लागली. आईने ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी केली, दोन जास्तच खाल्ल्या.

धोंडीराम म्हणाला, काल सांजच्याला एक बाई आली होती. "जीपवाल्या मॅडमला भेटायचंय, लई गरजेचं हाय" म्हणत होती. रडवेली होती म्हणे. त्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं, मॅडम गेल्या, गाडी विकली. "ती म्हणली, कुणाला विकली? मी म्हणलं, मला काय ठावं." शाबास म्हटलं त्याला. आता बायकांना पुढे करायला लागले!

सोमवार, ३ फेब्रुवारी

बोनेट स्वच्छ. चार वस्त्या, तीनशेच्या वर मेंढ्या टोचल्या. एका एडक्याने ढुशी दिली ती धरून.

ब्रेकचं पेडल जरा खोल जातंय. दोनदा दाबलं की लागतो. थंडीचं असेल. उद्या आईला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय, सात रस्त्याजवळच. तसंच पुढे गुरुलिंगला दाखवू.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जिवंत आहोत. दोघी.

पुलावरून उतरत होतो. आई शेजारी, पर्स मांडीवर, म्हणत होती, "तुझ्या पप्पांसारखीच बसतेस गं, एक खांदा वर करून." खाली सिग्नल लाल. पुढे शाळेची रिक्षा, मागच्या बाजूला दप्तरं लटकलेली, दोन मुली मागे तोंड करून बसलेल्या, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी ब्रेक दाबला.

पाय खालच्या पत्र्याला टेकला. काहीच नाही. परत दाबला. काहीच नाही! तिसऱ्यांदा दाबला, चिखलात पाय जावा तसा. त्या मुलींपैकी एक मला बघून हसली. मी ओरडले की नाही आठवत नाही. आई म्हणते, मी एकच शब्द म्हणाले, "गिअर."

दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. पहिला पडेना, पडेना, पडला. आणि डाव्या हाताला रस्ता खोदल्याचा खडीचा ढीग होता त्यात घातली. रिक्षा हातभर अंतरावर राहिली.

आईचं कपाळ काचेला लागलं, चष्मा फुटला, दोन टाके पडले. ती रडली नाही. रिक्षावाला शिव्या देत आला आणि माझं तोंड बघून आईला उतरवायला धावला. मी स्टिअरिंग सोडू शकत नव्हते. बोटं उघडेनात. लोकांनी एकेक बोट उघडून मला बाहेर काढलं. मग मी घाबरले. पप्पांनी सांगितलं होतं त्याच वेळेला.

एवढी घाबरले की फुटपाथवर बसून उलटी झाली. दवाखान्यातून आल्यापासून आईचा हात सोडलेला नाही. ती झोपलीय, आणि मी डाव्या हाताने तिला धरून उजव्या हाताने हे लिहितेय. त्यांनी ब्रेक तोडला. हळद लावणाऱ्यांनीच. मला मारायलाच बघत होते. आई गेली असती. त्या वेण्यावाल्या मुली गेल्या असत्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काय लिहू.

गुरुलिंगने काल संध्याकाळीच जीप ओढून नेली होती. सकाळी गॅरेजवर गेले. म्हटलं, कुणी पाइप कापलाय ते दाखवा, पोलिसांत जाते. तो म्हणाला, "कोण कापतंय? हिकडं या." ड्रायव्हरच्या पायाशी वाकला आणि पेडलच्या बाजूचा एक छोटा पत्रा उचलला. त्याच्याखाली ब्रेकच्या तेलाची वाटी. "जुन्या जीपला हे हितं असतंय, पायाखाली. सील गेलंय. आजचं न्हाय, वर्सा-दीड वर्साचं असंल. थेंब थेंब गळतंय. दोन-तीन दिसांनी भरलं की ब्रेक फस्क्लास. न्हाय भरलं की तुमचं काल झालं ते. मी घेताना बघितलं तवा भरलेलं हुतं, म्हणून माझा बी डोळा चुकला." आणि मग, "पर तुमी भरत कुटं हुता? तुमाला तर ठावं बी न्हाय. दोन हप्तं चालली कशी काय गाडी?"

त्या वाटीच्या झाकणाला, आट्यांमध्ये, पिवळं होतं.

मी टूलबॉक्समधली बाटली काढून दिली. त्याने बोटावर थेंब घेतला. "ब्रेक ऑइल की."

गॅरेजमधूनच बिरुदेवला फोन लावला. म्हटलं, काल ब्रेक गेला, माझी आई मरता मरता वाचली, आता फोन ठेवायचा नाही. पलीकडे मेंढरांचा आवाज लांब गेला, तो बाजूला आला असावा. मग बोलला. "बाबा म्हनत हुता, बाईमाणूस हाय, सांग तिला. मी म्हनलं, तोंड उघडायचं न्हाय, कुणी घेनार न्हाय, हितंच सडंल. बाबा गप बसला. गाडी गेली त्याच दिशी म्हनला, मला लेकीकडं, मायाक्काकडं सोलापूरला ऱ्हायचंय. मला वाटलं, रुसला."

आता कुठे आहेत ते?

"तितंच. शुक्कारपासनं पाय मोडून पडलाय. जिन्यावनं पडलो म्हनतोय."

'मी हाय तवर.' गाडीची हमी समजले होते मी ती. मुलाला चारचौघांत खोटं पाडवेना, आणि देवापुढे खोटं बोलवेना, म्हणून त्या माणसाने जेवढं स्वतःच्या हातात होतं तेवढंच कबूल केलं. आणि ते पाळायला पंच्याहत्तराव्या वर्षी, थंडीत, चोरासारखा पहाटे येत राहिला. आणि मी काठी दिली. पप्पांची.

 कालच्यापेक्षा आजची भीती मोठी आहे. उद्या त्यांच्यापुढे जायचंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मायाक्काची खोली आमच्या गेटपासून दहा मिनिटांवर निघाली. ती चिंचोळीला कारखान्यात कामाला, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. शनिवारी गेटवर आलेली बाई ती हीच. धुळाप्पा खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. मला दारात बघितलं आणि उठायलाच निघाले. माझे हात बघितले, पाय बघितले, परत हात. "धड हाईस व्हय पोरी?" एवढंच, आणि पटक्यात तोंड लपवलं. मी त्यांचे पाय धरले. चप्पल पिशवीतून काढून खाटेखाली ठेवली. 

त्यांच्या उशाशी वर्तमानपत्रांची चळत होती. रोजचं एक, शनिवारपासूनची सहा. मी त्याकडे बघतेय हे बघून मायाक्का म्हणाली, "त्यास्नी कुटं वाचता येतंय ताई! वॉचमननं गाडी विकली म्हनून सांगितलं, तवापासनं असंच. ड्यूटीवनं आले की जेवू बी देत न्हाय. सगळी पानं वाचाय लावतोय मला — बघ गं, नीट बघ, हिरवी जीप कुटं आपाटली का."